ज्या दारी बुजगावणं

हे बुजगावणं आधी नीट बघून घ्या. फोटो नंतर काढा, ते कुठं पळून जात नाही. कडब्याचं धड, भोपळ्याचं डोकं, कोळशानं काढलेले डोळे, आणि अंगात घरधन्याचाच जुना सदरा. सांबरदऱ्यात आज सगळ्या दारांपुढं असं एकेक उभं आहे, कारण आज सर्वपित्री अमावास्या. गावभर फिरा आणि एखाद्याचं तोंड हसतंय का बघा. एकही हसत नाही. हसायचं कारणच नाही.

वरच्या रिसॉर्टवाल्यानं गेल्या वर्षापासून याला हॅलोविन म्हणायला सुरुवात केलीय. तुमचं ते हॅलोविन अजून महिन्याभरानं असतं म्हणे, पण त्याला धीर कुठला. त्यानं भोपळ्यांना दात विचकून हसणारी तोंडं कोरली, झाडांना कापसाची जाळी टांगली, केकवर साखरेचे कोळी बसवले आणि पांढऱ्या पडद्यावर चेटकिणीचा सिनेमा लावला. त्या सिनेमातल्या बाईचे पाय उलटे, केस मोकळे, नखं वीतभर वाढलेली. इथल्या चेटकिणीची नखं कायम कापलेली असायची, कारण वाढलेली नखं दोऱ्यात अडकतात. ती गोधड्या शिवायची. हे त्या रिसॉर्टवाल्याला दोनदा सांगून झालं. तो म्हणाला, आजोबा, लोकांना भीती वाटायला पाहिजे. अरे बाबा, भीती वाटावी असंच सांगतोय, पण तू ऐकशील तर ना.

आणि ही पोरगी डोक्याला टोकदार काळी टोपी घालून आलीय. मघाशी विचारत होती, आजोबा, मी चेटकीण दिसते का. नाही दिसत, बाई. बस इथं पारावर. चेटकीण कशी असते ते ऐक.

गावाला सडक नव्हती तेव्हाची गोष्ट. गावाच्या अगदी शेवटच्या घरात चिमाक्का नावाची बाई राहायची, असं सांगतात. लग्नानंतर पाचव्या वर्षी नवरा पटकीनं गेला. पोरबाळ नाही, माहेरी कुणी उरलेलं नाही. घर तेवढं तिचं होतं. भिंती तिनं लिंपलेल्या, छपरावर भोपळ्याचा वेल तिनं चढवलेला. घरोघरच्या बाया जुनेर आणून द्यायच्या आणि ती गोधड्या शिवून द्यायची. प्रत्येक घरच्या चिंध्यांचं बोचकं वेगळं, त्याची गाठ वेगळी. कुणाच्या लुगड्याचा तुकडा कुणाच्या गोधडीत जाऊ द्यायची नाही.

गावात बाळ जन्मलं की पहिलं दुपटं चिमाक्काचं. या दुपट्याची एक रीत तिला सासूनं शिकवली होती. दुपट्याच्या कोपऱ्यात, आतल्या अंगानं, बोटभर काळं ठिगळ लावायचं. बाळाला दृष्ट लागत नाही. मात्र ठिगळ लावलंय हे कुणाला सांगायचं नाही, बाळाच्या आईलाही नाही. सांगितलं की गुण गेला. आता काळं कापड कोण देणार? चिमाक्काजवळ पहिल्या संक्रांतीला नवऱ्यानं घेतलेलं काळं लुगडं, चंद्रकळा, होती. तो गेल्यावर ती नेसायची सोय राहिली नव्हती. तीच चंद्रकळा तिनं काढली आणि गावच्या एकेका पोरासाठी बोटबोटभर कापत गेली. बारा-पंधरा वर्षांत लुगड्याचा नुसता काठ उरला, असं म्हणतात.

मग एका भादव्यात तापाची साथ आली. जिवाजी पाटलाचा नातू, चार महिन्यांचं पोर, तीन दिवसांत गेलं. पाटलीणबाईंनी दुःखाच्या भरात त्याचं दुपटं टराटरा फाडलं आणि आतून काळं ठिगळ निघालं. झालं. घरोघरी दुपटी उसवली गेली. प्रत्येकात तेच ठिगळ. पाटील चारचौघांना घेऊन तिच्या दारात आला.

"हे काय शिवलंस, चिमाक्का?"

ती बोलली नाही.

तिनं बोलायला पाहिजे होतं, असं तुम्हाला वाटेल. एका वाक्याचं काम होतं. पण गावात अजून अकरा पोरं तापानं फणफणत पडली होती. फाडलेल्या दुपट्यांचा गुण उरला असेल नसेल, पण तोंड उघडलं तर जो काही उरलाय तोही जाईल, असं तिच्या मनानं घेतलं. म्हणून गप्प बसली. ज्यांच्या पोरांसाठी गप्प बसली, ते म्हणाले, बघा, बोलत नाही, म्हणजे हीच चेटकीण.

त्या दिवसापासून पाणवठा बंद. विस्तव कुणी देईना. ज्या पोरांना तिनं चंद्रकळेचा तुकडा दिला, ती पोरं तिच्या छपरावर दगड मारायला लागली. आईबाप बघायचे आणि गप्प बसायचे. तिच्या हातचं खाल्लं की माणूस मरतो, असंही कुणीतरी उठवलं.

गावात भैरू देवऋषी होता. अंगात यायचं त्याच्या. त्यानं कौल दिला: "सर्वपित्रीला देव खूण दाखवील. ज्या दारी बुजगावणं, त्या दारी चेटकीण. मावळतीला त्या दारापुढं तीनदा विचारायचं, इथं चेटकीण राहते का? मग घर पाडायचं आणि तिला शिवेबाहेर घालवायचं." भंडारा उधळून, देवाच्या नावानं सांगितलेला शब्द. तो मागं घेता येत नाही, ही इथली रीत. आणि सर्वपित्रीच्या सकाळी भैरूनं आपल्याच हातानं काळं घोंगडं पांघरलेलं बुजगावणं नेऊन तिच्या दारात रोवलं. देवानं हलकी कामं अशा माणसांवर का सोपवावीत, कोण जाणे.

चिमाक्कानं त्या सकाळी नवऱ्याच्या नावानं नैवेद्य केला होता. जोंधळ्याच्या पिठात काळे तीळ घालून बोटाएवढ्या लांबट कांड्या तळल्या होत्या, त्याला आवडायच्या म्हणून. कावळा शिवला. माणूस कुणी फिरकलं नाही. दुपारी सगळा गाव टेकडीवरच्या भैरोबाला गेला, मावळतीला पहारी घेऊन यायचं ठरवून. बंद दारांआड तापातली पोरं आणि एखाददुसरी बाई सोडली तर गावात राहिली ती एकटी, आणि दारातलं बुजगावणं.

ती बराच वेळ उंबऱ्यावर बसून त्याच्याकडं बघत राहिली म्हणे. भीती वाटत नव्हती असं नाही. घर गेलं तर जायचं कुठं, हा विचार पोटात होताच. पण हळूहळू तिला राग यायला लागला. आदल्या पंधरा दिवसांचा राग नाही हा. बारा-पंधरा वर्षांचा, लुगडं कापून कापून वाटल्याचा राग. यांची फाटकी जुनेरं मी उजेडाला धरून शिवली, यांच्या घरातलं काय काय फाटलेलं आहे ते मला ठाऊक, आणि हे मला नाव ठेवतात. ती उठली, पदर खोचला आणि एकेका घरचं बोचकं सोडायला लागली.

एकट्या बाईनं एका दुपारात बावीस दारी बुजगावणी कशी उभी केली, असं पाहुणे नेहमी विचारतात. रागानं हात किती चालतात हे ज्यानं पाहिलं नाही त्यानं विचारावं. कडबा तिच्या परसात होता, भोपळे छपरावर होते. पाटलाच्या बोचक्यातून त्याची फाटकी बाराबंदी निघाली. गुरवाच्या बोचक्यातून उपरणं, तेलिणीच्या बोचक्यातून तिचं पिवळं लुगडं. ज्या घरचं जुनेर, त्याच घरच्या बुजगावण्याच्या अंगावर. भोपळ्यांवर कोळशानं डोळे काढले, तोंडं काढली, आणि तोंडं जशी होती तशीच काढली, गेले पंधरा दिवस तिला दिसत होती तशी. एकविसांना असं सजवून एकेका दारापुढं रोवलं. बाविसावं, भैरू देवऋषीच्या दारातलं, तिला करावं लागलं नाही. स्वतःच्या दारातलं घोंगडंवालं उपटलं आणि नेऊन तिथं उभं केलं.

सूर्य कलला तशी हलगी वाजायला लागली. माणसं टेकडी उतरून आली, खांद्यावर पहारी. देवळाकडून येताना पहिलं घर पाटलाचं. पाटलाच्या दारात पाटलाची बाराबंदी घातलेलं बुजगावणं. हलगी थांबली. माणसं पुढच्या घराकडं बघायला लागली, मग त्याच्या पुढच्या. ज्यानं त्यानं आपापला कपडा ओळखला. आणि रस्त्याच्या त्या टोकाला, बिनबुजगावण्याच्या एकुलत्या एका दारातून, चिमाक्का चालत आली. हातात नैवेद्याची परात.

"हे तुझं काम," पाटील म्हणाला.

"माजं का देवाचं, ते देवऋषीला इचारा. शबुद त्याचा हाय. ज्या दारी बुजगावणं, त्या दारी चेटकीण. व्हय का न्हाई, भैरू?"

भैरू आपल्या दाराकडं बघत होता. तिथलं घोंगडं त्याचंच होतं.

"तू इचारत न्हाईस तर म्या इचारते," ती म्हणाली आणि पाटलाच्या पायरीशी गेली. "हितं चेटकीण राहते का?"

पाटलीणबाईंनी तोंड फिरवलं. तिनं दुसऱ्यांदा विचारलं. बायकांनी पोरांना जवळ ओढलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा दारातून अनसा बाहेर आली. पाटलाची सून, मेलेल्या पोराची आई. पंधरा दिवसांत तिला कुणी घराबाहेर पाहिलं नव्हतं.

"राहते," अनसा म्हणाली. "पोर खाल्लंस म्हणून सासूबाई रोज मलाच म्हणत्यात. पाडा घर. कुठनं सुरवात करताय?"

ती पायरी उतरली, चिमाक्काच्या परातीतली एक कांडी उचलली आणि सगळ्यांदेखत खाल्ली. चावल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला, असं सांगतात. मग चिमाक्का पुढच्या दाराशी गेली आणि तेच विचारलं. तेलीण म्हणाली, राहते. सगळ्या बोलल्या असं नाही. सात-आठ जणी बोलल्या, बाकीच्या तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. पुरुष एकही बोलला नाही. पण पहार कुणी उचलली नाही. कारण पहिला घाव पाटलाच्या घरावर घालावा लागला असता.

शेवटी पाटलानं पागोटं काढून तिच्या पायांशी ठेवलं.

"उचला त्ये," चिमाक्का म्हणाली. "त्यात मला काय शिवायचं न्हाई."

मग तिनं ठिगळाचं सांगितलं. सासूची रीत, चंद्रकळा, गप्प बसण्याचं कारण, सगळं. न रडता, न ओरडता, सुई ओवावी तसं एकेक सांगितलं. ऐकताना बायांनी कपाळाला हात लावले. "आता सांगून टाकलं," ती म्हणाली, "आता ठिगळाचा गुण गेला. हितनं फुडं तुमच्या पोरांची राखण तुमची तुमी करा. आनि माफी मागू नका, माज्याजवळ ती न्हाई."

दरसाल सर्वपित्रीला प्रत्येकानं आपल्या दारी, आपलाच कपडा घालून बुजगावणं उभं करायचं, हे तिनंच लावून दिलं. कुणाचंही पोर दारात येऊन विचारील, इथं चेटकीण राहते का. घरच्यांनी सांगायचं, राहते. आणि पोराला खायला घालायचं. भैरूला वेगळं काम दिलं. "तू बोलून बिगडवलंस, तूच बोल. गावात परका मानूस आला की त्याला ही गोष्ट सांगायची, तुज्या तोंडानं. तुजं नाव वगळायचं न्हाई. तुज्या मागं तुज्या पोरानं, त्याच्या मागं त्याच्या पोरानं."

ती पोरं तापातून उठली का? नऊ उठली, दोन गेली. ठिगळाचा त्याच्याशी संबंध असेल नसेल. चिमाक्का पुढं अठरा वर्षं त्याच घरात राहिली. पाणवठ्यावर जायची, वाट सोडायची नाही. सुई मात्र पुन्हा हातात धरली नाही. तीस पोरं तिच्या दुपट्याविना वाढली. रागानं मेली असं काहीजण सांगतात, आणि ते सांगताना आवाज खाली करतात. कशाला करतात कळत नाही. राग तिचा होता, तिनं तो जन्मभर ठेवला, तिचा हक्कच होता.

आजही आश्विनाच्या तोंडाशी, सर्वपित्रीला, सांबरदऱ्यात दारोदार बुजगावणी उभी राहतात. पाटलांच्या दारी शर्ट-पँट असते, मास्तरांच्या दारी मास्तरांचा स्वेटर. पोरं हिंडतात, विचारतात, काळ्या तिळाच्या कांड्या खिशात भरतात. त्या कांड्यांना आम्ही बोटं म्हणतो, चिमाक्काची बोटं. रस्त्याच्या टोकाला ते उघडं जोतं दिसतंय ना, तिथं तिचं घर होतं. आपोआप पडलं, कुणी पाडलं नाही. त्या जोत्यापुढं कधीच बुजगावणं उभं करत नाहीत. चेटकीण राहत नव्हती असं गावात ते एकच घर.

ऊठ आता, पोरी. टोपी राहू दे, काढायला कुणी सांगत नाही. ते काळं घोंगडं पांघरलेलं बुजगावणं दिसतंय ना, ते भैरू देवऋषीचं घर. पणजोबा माझा. जा, दारापुढं उभी राहा आणि विचार. मी आत जाऊन दार उघडतो. तीनदा विचारावं लागणार नाही, पहिल्यांदाच सांगीन.