लांडगीपायी उणी राहिलेली घंटा

चिखलवड्याच्या वडजाईच्या देवळात दाराशीच काशाची मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्या काठाला पंजा मावेल एवढी खाच आहे. बाहेरच्या फलकावर ‘परकीय आक्रमणात भग्न’ असं लिहिलंय. साफ खोटं. घंटा कुणी फोडली नाही, ती ओतली तेव्हाच अशी झाली. आणि त्या खाचेची गावाला लाज नाही, अभिमान आहे. का, ते ओतारआळीच्या भागाक्का सांगतात.

फार पूर्वी म्हणे रोमचे व्यापारी या गावावरूनच घाट चढून जात. त्यांची पोतंभर काशाची नाणी राजाच्या अधिकाऱ्यानं सावई ओतारणीच्या भट्टीवर आणून टाकली. त्या नाण्यांची देवीला घंटा करायची, ती पौर्णिमेला वाजली पाहिजे, न वाजली तर हात तोडीन, असा हुकूम.

सावई नुकतीच बाळंत झालेली, पदरात जुळी. धातू वितळवायची मूस भरताना ती एकेक नाणं निरखायची. पानांचा मुकुट घातलेले राजे, वल्ह्यांची जहाजं, तराजू धरलेली देवी. त्या दूरदेशीच्या कारागिरांनी बोटभर जागेत काय काय उभं केलं होतं! तरी सगळं तिनं मुशीत सोडलं. मग एक नाणं हाती आलं. त्यावर मान वळवून मागे पाहणारी लांडगी होती, आणि तिच्या पोटाखाली दूध पिणारी माणसाची दोन पोरं.

“हिला नाही टाकायचं,” सावई म्हणाली.

“अगं, धातू कमी पडंल. हात जातील तुझे!” नवरा कळवळला.

“पोरं पितायत तिच्या अंगावर. पिणारं पोर ओढून काढशील तू?”

तसली सगळी नाणी तिनं वेचून बाजूला ठेवली. बदल्यात मुशीत घरची भांडी घातली, पायातली जोडवीसुद्धा घातली. तरी रस काठाशी उणा पडलाच.

पौर्णिमेला अधिकारी खाच बघून भडकला. “घंटा सांगितली होती, फुटकं मडकं नव्हे!” म्हणत त्यानं संतापानं टोल हाणला. घंटा खणखणली नाही. घोगरी, लांबलचक ओरडली. आणि समोरच्या माळावरून लांडगीनं ओ दिली, असं सांगतात. तिच्यामागून पिल्लांनी. अधिकाऱ्याच्या हातातली टोल द्यायची मोगरी गळून पडली. सावईचे हात वाचले. ती नाणी देवीच्या पायाखाली पुरली आहेत म्हणे.

अक्कांची गोष्ट ऐकून आम्ही पाहुण्यांनीही टोल दिला. आवाज घुमत माळापर्यंत गेला. तिथं खाणीची यंत्रं धडधडत होती. ओ आली नाही.

“अक्का, लांडगी कुठाय?”

“मला काय विचारता? तिला राहायला माळ ठेवलात का तुम्ही?”

आजही गावातली नवी बाळंतीण सव्वा महिन्यानं देवळात येते. खाचेला दुधाचं बोट लावते, एक टोल देते, आणि माळाकडे कान लावून उभी राहते.