रोबोटांना आत येण्यास मनाई आहे

एका गावात एक भोळा कॉम्प्युटरवाला होता. गावाचं नाव खुटाळवाडी, त्याचं नाव केरबा. ग्रामपंचायतीच्या ऑफिसात बसून तो दाखले छापून द्यायचा. वय बत्तीस, मिशी झकास, मनात कपट औषधालाही नाही. फक्त एक होतं. सांगितलेलं तो तंतोतंत ऐकायचा. असा माणूस किती महागात पडतो ते ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. लग्नासाठी पाच ठिकाणांहून त्याला नकार आला होता आणि त्याच्या आईला, पारूबाईला, दिवसरात्र तोच एक घोर लागलेला होता.

गावात दवंडी द्यायचे दगडूतात्या. त्यांचे गुडघे गेले, आवाज मात्र खणखणीत राहिला. मग सरपंच हौसाक्कांनी तात्यांचा आवाज कॉम्प्युटरमध्ये भरून घेतला, ऑफिसापुढं विहिरीकाठी असलेल्या निंबाच्या झाडावर चार भोंगे बांधले आणि केरबाला म्हणाल्या, "गावाच्या वेबसाइटवर लिंका कर. म्या घरनं मोबाइलवर दाबलं की हितं भोंगा वाजला पायजे."

केरबानं पान तयार केलं. पानावर तीन निळ्या ओळी. पाणी सुटलं. ग्रामसभा. बिबट्या दिसला. आक्कांनी पहिली ओळ दाबली. एक कोरं पान उघडलं. भोंगा गप्प.

केरबाची मावसबहीण स्नेहल पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. केरबानं तिला फोन लावला.

"ताई, लिंक दाबली, पर कायबी झालं न्हाई."

"अरे, लिंक नुसता निरोप नेते. भोंगा वाजवायचं काम सर्व्हरवरचा, म्हणजे तुझ्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरचा कोड करतो. त्याला बोलवायला नको का? त्या कोडचं नाव पानात घाल."

"घालतो," केरबा म्हणाला आणि वहीत लिहून घेतलं.

पानात घाल म्हटलं, त्यानं पानात घातलं. लिंकेत नाही. त्यामुळे दुसऱ्या दिवशी आक्कांनी पान नुसतं उघडलं, बोट कशालाही लावलं नाही, आणि निंबावरून तात्या ओरडले, "पाणी सुटलं होऽ!" बायका घागरी घेऊन नळावर धावल्या. "ग्रामसभा हाय होऽ!" बाप्ये ग्रामपंचायतीकडे निघाले. "बिबट्या दिसला होऽ!" सगळे दिसेल त्या घरात घुसले आणि कड्या लागल्या. न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी झालेली तिघं कोंडून राहिली. आत बसल्याबसल्या लोकांनी काय चाललंय ते बघायला मोबाइलवर गावाचं पान उघडलं. जो उघडील त्याच्या नावानं परत पाणी, परत सभा, परत बिबट्या. दुपारपर्यंत बिबट्या एकतीस वेळा आला.

"अरे देवा," स्नेहल म्हणाली. "पान उघडल्यावर नाही रे! कुणी दाबलं तरच कोड चालायला हवा. लिहून घे. कुणी दाबल्याशिवाय काहीही करायचं नाही."

केरबानं लिहून घेतलं. पानही दुरुस्त केलं. संध्याकाळी घरी आला तर पारूबाई म्हणाली, "गॅसवर दूध हाय, ध्यान ठेव." केरबानं ध्यान ठेवलं. दूध वर आलं, त्यानं बघितलं. दूध उतू गेलं, त्यानं बघितलं. पातेलं जळून खोलीभर धूर झाला, तेही त्यानं डोळे चोळत बघितलं.

"आरं मुडद्या, गॅस का बंद केला न्हाईस?"

"मला कुणी दाबलं न्हाई."

पारूबाईनं त्याच्या पाठीत जोरात बोट खुपसलं. केरबा लगेच उठला आणि त्यानं गॅस बंद केला. पोरगं आज्ञाधारक होतं, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

आता दाबल्यावर भोंगा वाजू लागला. पण दगडूतात्यांना स्वतःचा आवाज ऐकायला फार गोड वाटायचा. त्यांनी एका दमात पाण्याची लिंक नऊ वेळा दाबली. बायका नऊ वेळा नळावर गेल्या आणि नवव्यांदा परत येताना तात्यांच्या घरावरून आल्या. तात्या दोन दिवस बाहेर पडले नाहीत.

केरबानं फोन लावला. स्नेहल मीटिंगमध्ये होती. घाईत म्हणाली, "एकदा झालेलं काम परत दाबलं तर लक्ष द्यायचं नाही. बस."

केरबानं लिहून घेतलं आणि कोडला तसं बजावलं. सोमवारी पाण्याची दवंडी झाली. मंगळवारी आक्कांनी दाबलं, भोंगा गप्प. बुधवारी गप्प. गुरुवारी खराखुरा बिबट्या आला. आक्कांनी गोठ्याच्या माळ्यावर बसून लिंक दाबदाब दाबली. बिबट्यानं सावकाश आक्कांची शेळी उचलली आणि निघून गेला.

"केरबा!" आक्का कडाडल्या. "बिबट्या आला तवा भोंगा का वाजला न्हाई?"

"आक्का, बिबट्याचं सांगून झालंय की. एकतीस येळा."

स्नेहलनं कपाळावर हात मारून घेतला, तो फोनमधून ऐकू आला. "अरे, एका मिनिटाच्या आत परत दाबलं तर, असं म्हणायचं होतं मला! आणि चुकून दाबणाऱ्यांसाठी आधी विचारत जा. नक्की का? समोरच्यानं हो म्हटलं तरच काम करायचं. नाहीतर नाही."

केरबानं तेही लिहून घेतलं. आता लिंक दाबली की आधी पानावर प्रश्न यायचा, नक्की का? छान चाललं होतं. पण शनिवारी आक्कांच्या कडब्याच्या गंजीला आग लागली आणि बादली घेऊन जवळ उभा नेमका केरबा.

"वत पाणी, केरबा!"

"नक्की का?"

"आरं वत की! जळाया लागलंय सगळं!"

"आक्का, हो का न्हाई तेवढंच सांगा."

आक्का त्याला आणि त्याच्या सात पिढ्यांना जे म्हणाल्या त्यात 'हो' नव्हतं. शेवटी धुरानं घसा बसल्यावर त्यांनी 'हो' म्हटलं. केरबानं पाणी ओतलं. ओतायला आता राखच होती.

आक्का त्याला कामावरून काढणारच होत्या. पारूबाई रडत आली. "आक्का, उद्या चिंचखोरीचे रंगराव घर बघाया येणार हायती. ह्ये सहावं ठिकाण हाय, माझा धीर आता संपला. नोकरी गेली तर पोरगं जन्मभर तसंच ऱ्हाईल." आक्कांचं मन मऊ होतं. नोकरी तर ठेवलीच, वर दगडूतात्यांकडून चौथी दवंडी भरून घेतली. 'केरबाचं लगीन ठरलं हो! साखर खायला या!' म्हणाल्या, "लिंक तयार ठेव. होकार आला की म्या दाबते."

रविवारी रंगराव आले. बरोबर त्यांची मुलगी वैजयंता. मुलीनं यायची रीत नव्हती, पण ती म्हणाली होती, घर मला करायचंय तर मीच बघणार. पारूबाई देव पाण्यात घालून बसली होती. केरबाला तिनं तंबी दिली होती की चहा होईपर्यंत एक शब्द बोलू नको. तो बोलत नव्हता. रंगरावांनी नाव विचारलं तरी बोलत नव्हता.

चहा आला आणि भोंगा वाजला. "पाणी सुटलं होऽ!" पारूबाईनं सवयीनं घागर उचलली आणि पळाली. "ग्रामसभा हाय होऽ!" बोलणी करायला बसलेला चुलता उठला आणि गेला. "बिबट्या दिसला होऽ!" दोघंही धापा टाकत परत आले आणि त्यांनी दाराला कडी घातली. रंगरावांनी बशी खाली ठेवली आणि पाय वर घेतले.

आणि मग, "केरबाचं लगीन ठरलं होऽ! साखर खायला याऽ!"

गाव पेचात पडलं. रस्त्यावर बिबट्या आणि केरबाच्या घरी साखर. पाच मिनिटांत साखर जिंकली. दोनशे माणसं दारात उभी राहिली.

"ठरलं?" रंगराव ताडकन उठले. "कुणी ठरवलं? आमी अजून होकार दिला न्हाई! आत्ताच्या आत्ता भोंग्यावर सांगा, ठरलेलं न्हाई म्हणून!"

केरबा धावत ऑफिसात गेला. दगडूतात्यांना मानेला धरून आणलं, पाचवी दवंडी भरली, पाचवी लिंक केली आणि मोबाइल घेऊन परत रंगरावांपुढे उभा राहिला. लिंकेवर बोट धरलं आणि विचारलं,

"नक्की का?"

रंगराव हो म्हणायला तोंड उघडणार, इतक्यात त्यांनी मुलीकडे बघितलं. वैजयंता पदरात तोंड घालून हसत होती. डोळ्यांतून पाणी आलं होतं तिच्या. "नगा सांगू, बाबा," ती म्हणाली. "ह्यो माणूस मला इचारल्याबिगर एक काम करायचा न्हाई. असा कुठं मिळतोय?"

रंगरावांनी मिशी ओढली. मग म्हणाले, "नगं. ऱ्हाऊ दे." केरबानं बोट उचललं. साखर वाटली गेली. पारूबाई इतकी रडली की लोकांना वाटलं लग्न मोडलं.

रात्री केरबानं स्नेहलला विचारलं, "ताई, लिंका दाबल्या कुणी? आक्का म्हणत्यात, म्या न्हाई."

"रोबोट आला असेल," स्नेहल म्हणाली. "इंटरनेटवर पानं वाचत फिरणारे रोबोट असतात. ते प्रत्येक पानावर जातात आणि दिसेल ती लिंक दाबून बघतात. नक्की का वगैरे त्यांना दिसतच नाही. म्हणून काम करायचं असेल तर लिंक ठेवायची नाही, बटण करायचं आणि पासवर्ड लावायचा. ते मी लग्नाला येईन तेव्हा करून देते. तोवर साइटच्या दारात पाटी लाव, रोबोटांना आत येण्यास मनाई आहे. पाटी बघून ते परत जातात."

केरबानं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी पेंटरला बोलावून ग्रामपंचायतीच्या दारावर लाल अक्षरांत पाटी रंगवली. रोबोटांना आत येण्यास मनाई आहे. हुकमावरून. आणि पाटी न वाचणारा एखादा घुसू नये म्हणून स्वतः दारात स्टूल टाकून बसला.

म्हातारी भागूबाई रहिवासी दाखल्यासाठी आली.

"तू रोबोट हायस का?"

"न्हाई रं बाबा, मी भागूबाई."

"मी रोबोट न्हाई, असं म्हण."

"मी रोबोट न्हाई," भागूबाई म्हणाली आणि आत गेली. ग्रामसेवकांना म्हणावं लागलं. आक्कांनाही म्हणावं लागलं. तीन आठवडे रोबोट आला नाही. केरबाला वाटलं, पाटीचा गुण आला.

लग्नाचा दिवस उजाडला. शाळेच्या पटांगणात मांडव, बाराला मुहूर्त. साडेअकराला पारूबाई बघते तर नवरदेव कुठेच नाही. शोधत शोधत ती ग्रामपंचायतीवर आली. केरबा मुंडावळ्या बांधून, हातात काठी घेऊन दारात स्टुलावर बसला होता.

"आरं, चल की! मुहूर्त व्हायला आला!"

"आज तर रोबोट आत जाता कामा न्हाई, आई. ती पाचवी लिंक अजून पानावर हाय. तुमी घ्या उरकून. लगीन लागलं की लगेच येतो."

पारूबाईनं त्याला ओढलं, तो हलला नाही. एवढ्यात त्याच्या डोक्यावर निंबाच्या झाडातून आवाज आला, "पाणी सुटलं होऽ!"

मांडवातल्या बायका उठल्या. सभेचं ऐकून बाप्ये थेट ग्रामपंचायतीपुढे येऊन उभे राहिले. बिबट्याचं ऐकून ते सगळे ऑफिसात घुसायला लागले, तेव्हा केरबानं काठी आडवी धरली आणि एकेकाला विचारू लागला. शंभर माणसं जीव मुठीत धरून ओरडत होती, "मी रोबोट न्हाई! मी रोबोट न्हाई!" त्यातच लग्न ठरल्याचं वाजलं, त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. आणि मग मांडवापासून वेशीपर्यंत लख्ख ऐकू गेलं,

"केरबाचं लगीन ठरलेलं न्हाई होऽ! आपापल्या घरी जावाऽ!"

रंगराव मांडवातून तरातरा आले. त्यांच्या मागून हळदीच्या अंगानं, हार हातात घेऊन वैजयंता.

"जावईबापू, ह्यो काय पोरखेळ हाय? चल वैजू, गाडीत बस."

तीन आठवडे केरबा जागचा हलला नव्हता, एक माणूस विचारल्याशिवाय आत सोडला नव्हता, आणि तरी आत कुणीतरी दाबतच होतं. जन्मात पहिल्यांदा त्यानं स्वतःच्या डोक्यानं विचार केला. दारातून रोबोट गेला नाही, म्हणजे तो आधीपासूनच आत असणार. त्यानं आत शिरलेल्यांना बाहेर काढलं, खाडकन दार ओढून घेतलं, कुलूप घातलं आणि विजयानं ओरडला,

"घावला! आता बाहीर कसा येतो बघतो!"

रंगरावांनी कुलूप ओढून बघितलं. वैजयंतानं मात्र वेळ घालवला नाही. बाराला दोन मिनिटं कमी होती. "ह्यो उठायचा न्हाई, बाबा. भटजींना हितंच बोलवा," ती म्हणाली. भटजींनीही आधी आपण रोबोट नसल्याचं सांगितलं आणि मग मंगलाष्टकं म्हटली. केरबा स्टुलावर, काठी मांडीवर. वैजयंतानं वाकून त्याच्या गळ्यात हार घातला, त्यानं तिच्या गळ्यात घातला. अक्षता पडल्या. पारूबाई दाराला टेकून रडली आणि ह्या खेपेला का रडतेय ते सगळ्यांना कळलं.

एवढ्यात स्नेहलची गाडी आली. उतरल्याउतरल्या तिच्या कानावर भोंगा पडला, "केरबाचं लगीन ठरलेलं न्हाई होऽ!"

"केरबा, आधी सर्व्हर बंद कर! मेन स्विच कुठाय?"

"आत हाय."

"मग उघड ना कुलूप! चावी कुठाय?"

केरबानं इकडेतिकडे बघितलं, तिच्या कानाशी वाकला आणि आतल्याला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाला,

"हिरीत टाकली. रोबोटला घावली असती तर?"