वानराचा लंगडा पाय

फार मागची गोष्ट. इतकी मागची, की तेव्हा रानातली जनावरं भांडण्यापेक्षा खेळण्यात जास्त रमायची.

नदीकाठी एका उंच सागाला वेताची टोपली टांगलेली असे. वेली गुंडाळून चेंडू करायचा आणि उडी मारून तो टोपलीत टाकायचा, असा तो खेळ. एक संघ नदीकाठचा, त्याची म्होरकी म्हैसमावशी. दुसरा डोंगरावरचा, त्याचा म्होरक्या अस्वल.

रानाची एक रीत होती बरं का. टोपली झाडावर आहे तोवर दुसऱ्याच्या गड्याशी कुणी बोलणी करायची नाहीत. पळस फुलला की टोपली उतरायची, सगळे झाडाखाली बसायचे, आणि ज्याला जो गडी हवा त्याने त्याला चारचौघांत मोठ्याने हाक मारायची. जुन्या संघाने हाक मारली, तर हक्क त्याचा पहिला.

नदीकाठच्या संघात एक वानर होता. काय त्याची उडी! चेंडू त्याच्या हाती आला, की टोपलीत पडलाच म्हणून समजा.

हंगाम रंगात आला होता. एके दिवशी साळुंकी त्याच्या फांदीवर येऊन बसली.

"काय रे वानरभाऊ, अजून ह्या चिखलातच?"

"का? बरं चाललंय की माझं."

"बरं म्हणे! अस्वलदादा तुझ्यासाठी जांभळांचं अख्खं बन द्यायला तयार आहेत. बोलणी मी करते. मला काय, त्यातली थोडी जांभळं दिलीस तरी पुरे."

"अगं पण टोपली उतरली नाही अजून. आणि उतरली तरी मावशी मलाच हाक मारणार."

"म्हणून तर सांगते. उद्यापासून लंगडायला लाग. लंगड्याला कोण हाक मारतंय? अस्वलदादांना खरं काय ते मी सांगेन."

वानर लंगडू लागला. सकाळी डाव्या पायाने, दुपारी विसरून उजव्या पायाने.

सशाने विचारलं, "दुखणं फिरतीवर आहे का रे?"

"फार फिरतं बघ," वानर कण्हत म्हणाला.

संघ एकामागून एक डाव हरत गेला. पण म्हैसमावशीने शंका घेतली नाही. निर्गुडीचा पाला गरम करून तिने स्वतः त्याच्या पायाला बांधला. "बरा हो लेकरा. खेळ काय, पुढे आहेच."

मावशीच्या डोळ्यांत बघायचं वानराने टाळलं. पण जांभळांचं बन काही डोळ्यांपुढून हलेना.

पळस फुलला. टोपली उतरली. अस्वल उठून उभं राहिलं. वानराने शेपटी ताठ केली, मिशा पुसल्या.

"रानमांजरा, ये आमच्याकडे!" अस्वलाने नदीकाठच्याच दुसऱ्या गड्याला हाक मारली.

वानर तीन ताड उडाला. "साळुंकीताई, हे काय?"

साळुंकी वरच्या फांदीवरून म्हणाली, "रानमांजर मला दुप्पट जांभळं देतंय रे. तुझा पाय कायमचा गेला, असं मीच सांगितलं दादांना."

"खोटं! पाय धडधाकट आहे माझा! बघा, बघा सगळे!" असं म्हणत वानर सरसर झाड चढला आणि ह्या फांदीवरून त्या फांदीवर उड्या मारू लागला.

खाली ससा खो खो हसत सुटला, आणि त्याच्यामागून सगळेच.

अस्वल म्हणालं, "पाय चांगला आहे, दिसलं. पण आज मावशीला फसवलंस, उद्या मला फसवशील. नको रे बाबा. आणि साळुंके, तू डोंगराकडे फिरकू नकोस. रानमांजरा, तुझी हाकही मी मागे घेतली."

वानर मान खाली घालून म्हैसमावशीपुढे येऊन बसला.

मावशी हळूच म्हणाली, "वेड्या, तू लंगडा असतास तरी मी तुलाच हाक मारणार होते."

"आणि आता, मावशी?"

"आता येता हंगामभर कडेला बसायचं आणि लांब गेलेला चेंडू पळत जाऊन आणायचा. पाय चांगलाच आहे ना तुझा? पुढचं पुढे बघू."

वानर त्या हंगामात खूप पळाला. सशाने तर मुद्दाम चेंडू लांब लांब फेकले.

तर मुलांनो, आणि मोठ्यांनो, ज्यांच्यासोबत आज खेळतो त्यांना फसवून उद्याची जागा शोधणाऱ्याची दोन्हीकडची जागा जाते.