ठकूआत्याचा माळ

फार वर्षांपूर्वी, तांबखडीला धड गाडीवाटही नव्हती तेव्हा, त्या गावात ठकूआत्या राहायची. नवरा गेल्यावर ती माहेरी आली ती कायमची, म्हणून लहानथोर सगळे तिला आत्याच म्हणायचे.

गाव डोंगराच्या कुशीत आणि पश्चिमेला वर उघडा माळ. पाऊस ओसरला की माळावरचं गवत फुलायचं, आणि गावातल्या पोरांचे हाल सुरू व्हायचे. डोळे सुजायचे, नाक गळायचं, शिंकून शिंकून पोरं रडकुंडीला यायची. कुणाच्या छातीतून शिटी वाजायची. लोक म्हणायचे, माळावरची देवी फुंकर घालते.

मग आत्याच्या ओसरीवर आयांची रीघ लागायची. ती गार पाण्याने पोरांचे डोळे धुवायची, ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकून हुंगायला द्यायची, मोठ्या पोरांना अडुळशाचा रस मधातून चाटवायची. असं म्हणतात, तिचा हात पाठीवरून फिरला की पोराचा श्वास मोकळा व्हायचा. पण सकाळी वारा सुटला की पुन्हा तेच. ते आत्याच्या जिवाला लागून राहायचं.

एका वर्षी तिच्या भावाची नात, येसू, श्वास लागून फारच घाबरी झाली. आत्याने तिला कडेवर घेतलं आणि डोंगराखाली नदीकाठच्या गावी नेलं. तिथं पोर बघता बघता खेळायला लागली. पण परतताना खिंड ओलांडली, माळावरचा वारा अंगावर आला, आणि येसू शिंकली. आत्या जागीच थांबली. तिने पदर झटकला तर तळहातावर पिवळी भुकटी आली.

ती तशीच पाटलाच्या दारात गेली.

"पाटील, पुढल्या साली गवत फुलायच्या आत कापू या. पोरांना त्याचीच बाधा होतेय."

"कवळं गवत कापलं तर उन्हाळ्यात गुरं काय खातील, आत्या? दसऱ्याआधी माळाला विळा लावत नाहीत."

"वाळवून ठेवू. कमी पडलं तर माझ्या वाट्याचं न्या."

"आणि देवी कोपली तर?"

"तिलाही लेकरांची माया असेलच की," आत्या म्हणाली.

कुणी हललं नाही. पुढच्या वर्षी गौरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी आत्या एकटीच विळा घेऊन माळावर चढली. समोर नजर पोचेल तिथवर गवत, आणि वारा असा की उभं राहवेना. तिला वाटलं, हे आपल्याच्याने आटपायचं नाही. तरी ती वाकली.

असं म्हणतात, तिने पहिली मूठ कापली आणि वारा पडला. उमलायला आलेले तुरे मिटून गेले. अख्खा माळ श्वास रोखून उभा राहिला. खाली गावात झाडाचं पान हलेना, तेव्हा बायकांनी वर पाहिलं. येसूची आई विळा घेऊन निघाली. तिच्यामागून साऱ्या बायका निघाल्या, पाटलीणबाईसुद्धा. सगळ्यांत शेवटी पाटील आला आणि पेंढ्या उचलायला लागला. शेवटची मूठ पडेपर्यंत वारा आला नाही. मग आला तो घरांची छपरं हलवत आला, पण एकही पोर शिंकलं नाही. आणि ते वाळलं गवत गुरांनी उन्हाळाभर आवडीनं खाल्लं.

असं म्हणतात, पुढे थकल्यावर एकदा आत्या माळावर गेली ती खाली उतरलीच नाही. लोकांना ती सापडली नाही. दिसला तो फक्त ताज्या कापलेल्या गवताचा एक लांब पट्टा, थेट आभाळाला भिडलेला.

आजही तांबखडीत गौरी गेल्या की बायका विळे घेऊन माळावर जातात. संध्याकाळी दारोदार पोरांचे डोळे धुतात, ओवा शेकतात. आणि एखादं पोर शिंकलंच, तर तिथं कुणी 'शतायुषी हो' म्हणत नाही. आई त्याचं नाक पुसते आणि म्हणते, "थांब हं, आत्या माळावर गेलीय."