अहवालातलं सर्वांत वरचं नाव

एका साध्या बुधवारी, सकाळचा चहा संपत असताना निरोप आला: दूधसंघाच्या शीतकरण केंद्रातला संगणक पुन्हा बंद पडला आणि दोन टाक्या दूध नासलं.

त्या संगणकाची कार्यप्रणाली एका वृद्ध अभियंत्याच्या हाताखाली घडली होती. सगळे त्यांना सर म्हणत. त्यांचा जुना शिष्य श्रीरंग याने बिघाडाचा अहवाल उघडला. सर्वांत वर, म्हणजे यंत्र पडलं तेव्हा शेवटी चालू असलेला भाग म्हणून, नाव होतं गौतमीने लिहिलेल्या भागाचं. गौतमीला येऊन वर्षही झालं नव्हतं, तरी सर तिचं काम इतरांना कौतुकाने दाखवत. बारा वर्षांत श्रीरंगचं काम त्यांनी असं एकदाही दाखवलं नव्हतं. त्याने अहवाल तिथेच मिटला आणि तिला या कामावरून काढावं, असं व्यवस्थापकांना कळवून टाकलं.

तो सरांकडे गेला तेव्हा गौतमी उतरल्या चेहऱ्याने तिथेच उभी होती. सरांनी बिघाडाचं निदान केलं होतं: प्रणालीच्या गाभ्यात प्रत्येक कामाला स्टॅक नावाची थोडीशी, ठरलेल्या मापाची जागा मिळते, ती भरून सांडत होती. ती दुप्पट करू, असं श्रीरंगने सुचवलं. सरांनी प्रयोगशाळेतल्या यंत्रावर ती निम्मी केली.

"सर, आधीच पुरत नाहीये. आता तर यंत्र उभंच राहणार नाही."

"पडू दे की."

यंत्र क्षणात पडलं. कोणत्या भागाने कोणाला कामासाठी हाक मारली आणि प्रत्येकाने किती जागा अडवली, ती सबंध साखळी सरांनी पडद्यावर आणली. गौतमीच्या भागाचे शंभर बाइटही भरत नव्हते. पाच ओळी खाली श्रीरंगचा जुना भाग होता. त्याने दोन हजार अडवले होते.

सर हळू आवाजात म्हणाले, "जागा ऐसपैस असली की कोण किती पसरलंय ते दिसत नाही, म्हणून आवळली. पंगतीत शेवटी बसलेल्याच्या वेळी भात संपला, म्हणून तो खादाड ठरत नाही. खालच्या ओळी तुला वाचता येत नव्हत्या असं नाही, श्रीरंग. वरचं नाव तुला हवं होतं तेच निघालं."

श्रीरंगने दुपारपर्यंत आपल्या भागाचा पसारा स्टॅकवरून दुसरीकडे हलवला. व्यवस्थापकांना जाऊन स्वतःची चूक सांगितली. गौतमी त्याच कामावर राहिली, पुढची तीन वर्षं, त्याच्याच शेजारच्या टेबलावर.

तिची माफी मागायची मात्र राहून गेली.