उपटलेला फलक

विषय : देवराईतील फलक विनापरवाना उपटल्याबाबत.
संदर्भ : शिष्याने गुरूविरुद्ध राई समितीकडे केलेला तक्रार अर्ज.

एकदा एका गावाच्या देवराईतले लाकूड चोरीला जाऊ लागले. पूर्वी देवाच्या धाकाने कोणी वाळकी काडी उचलत नसे. आता मोळ्याच्या मोळ्या जात होत्या. तेव्हा गावातल्या एका वृद्ध ज्ञानी पुरुषाच्या शिष्याने स्वहस्ते फलक रंगवून वाटेवर रोवला : 'या राईतून रोज लाकूड चोरीस जाते. कित्येक जण नेतात. शरम बाळगा!' अक्षर वळणदार होते. मोळ्या वाढल्या.

एके सकाळी शिष्य पाहतो, तो साक्षात गुरुजी पहारीने तोच फलक उपटत होते. पहार गावच्या लाकूड-व्यापाऱ्याची. शिष्याच्या मनात पाल चुकचुकली. आदल्याच दिवशी गुरुजी त्या व्यापाऱ्याच्या ओटीवर ताक पिताना दिसले होते. ताकापासूनच सुरुवात होते, हे त्याला ठाऊक होते. तो तडक समितीकडे गेला, तक्रार दिली आणि मगच जाब विचारायला परतला.

"गुरुजी, किती ताक पाजले त्याने?"

"दोन पेले. आंबट होते. पहार तुझ्याकडे मागितली असती, तर दिली असतीस?"

शिष्य फलकावरची माती झटकू लागला.

"काल दोन बाया रिकाम्या हाताने इथून चालल्या होत्या," गुरुजी म्हणाले. "एकीने तुझा फलक मोठ्याने वाचला. दुसरी म्हणाली, 'अगं बाई, सगळेच नेतात! मग आपणच काय कुणाचं घोडं मारलंय?' परतताना दोघींच्या डोक्यावर मोळ्या होत्या. बाबा रे, माणूस उपदेश ऐकतो, पण चालतो शेजाऱ्याकडे पाहून. चोरी वाईट हे सांगायला गेलास आणि चोरी ही गावची रीत आहे, असे जाहीर करून बसलास. गावात दोनशे घरे. त्यातल्या एकशे सत्तर घरांनी काडीला हात लावलेला नाही, हे कुठे लिहिलेस?"

"आणि उरलेली तीस? त्यांना सूट?" शिष्याचा संशय अजून फिटला नव्हता.

"त्यांना एवढेच कळेल, की आपण थोडे आहोत. थोड्यांत उभे राहणे फार जड जाते."

शिष्याने मनातल्या मनात आळीआळीने घरे मोजली. मग त्याला आपली तक्रार आठवली.

तीन वर्षांत कुंपणाचा ठराव न करणाऱ्या समितीने या प्रकरणी मात्र त्याच दिवशी कार्यवाही केली. जुना फलक सिमेंट घालून पुन्हा रोवण्यात आला. शिष्याने तक्रार मागे घेण्यासाठी व नव्या मजकुरासाठी दुसऱ्याच दिवशी अर्ज दिला. तूर्त तो रोज सकाळी फलकाला पाठ टेकून उभा असतो, मजकूर झाकण्यापुरता. संध्याकाळची पाळी गुरुजी करतात.

अर्ज विचाराधीन आहे.