ठकूआत्याचं वाडगं

आमच्या आजीची आजी परकरी पोर होती, तेव्हाची ही गोष्ट. चिंचटेंभ्यात साथ आली. ज्याला ताप चढे, त्याला ओढ्यापलीकडच्या झोपड्यांत नेऊन ठेवत. ठकूआत्या नवऱ्याला आणि लहान लेकीला घेऊन तिथं गेली. दोघंही गेली, ती उरली. पण मेलेल्यांना हात लावलेली बाई म्हणून गावानं तिला परत घेतलं नाही.

लोक पीठमीठ कागदाच्या पुड्यांत बांधून ओढ्याकाठच्या दगडावर ठेवत आणि मागं न बघता परतत. भांडी मात्र कुणी देईना. आत्या तिथंच राहून आजाऱ्यांना पेज करून पाजी, पण ती पानावरून ओघळून जाई.

एकदा आत्यानं गांधीलमाशी पाहिली. ती लाकूड चावून चावून कागदासारखं घर बांधत होती. आत्यानं पुड्यांचे कागद भिजवले, दगडानं कुटले. पहिलं वाडगं तडकलं, दुसऱ्याला बुरशी आली. मग तिनं भिजल्या मेथ्या वाटून घातल्या, तेव्हा लगदा धरायला लागला. साचा नव्हता, म्हणून तो आपल्याच गुडघ्यावर थापला आणि सुकेपर्यंत ती उन्हात हलली नाही. चिमण्या तिच्या खांद्यावर येऊन बसत, असं म्हणतात. त्या वाडग्यातली पेज कधी गळली नाही, आणि ज्यानं ती प्यायली तो उठून घरी गेला, असंही म्हणतात.

पाटलांची सून कोंडाई त्यांतलीच. बरी होता होता ती आत्याजवळ हे काम शिकली. एकदा तिनं विचारलं, "आत्या, पाय अवघडत नाही?"

"अवघडतो गं. पण तेवढा वेळ लेकीनं गुडघ्यावर डोकं ठेवल्यागत वाटतं."

साथ सरली. कोंडाईला न्यायला गाडी आली. तिनं आत्यालाही चल म्हटलं, पण सासऱ्यानं मान फिरवली. झोपड्या ओस पडल्या. प्यायला कुणी नव्हतं, तरी आत्या वाडगी करत राहिली. दगडावरच्या पुड्याही हळूहळू थांबल्या.

थंडीत एका सकाळी कोंडाई कुणाला न विचारता ओढा ओलांडून गेली. आत्या उन्हात बसली होती, गुडघ्यावर वाडगं. हाक मारली तरी हलली नाही. अंग गार होतं, वाडगं मात्र आतून ऊबदार होतं, असं म्हणतात.

आजही चिंचटेंभ्यात कुणी आजारी पडलं, की शेजारीण कागदाच्या वाडग्यात पेज नेते. ती उंबऱ्यावर ठेवून परतायचं नाही. आत जायचं, अंथरुणाशी बसायचं आणि वाडगं रिकामं होईस्तोवर उठायचं नाही.